लोहचुंबक आणि आपले मज्जातंतू

मंडळी, गाव फुलसावंगी असो की दुसरे कोणते, बाजारात लोहचुंबकाची कडी आणि पट्टे विकणारा कधी ना कधी भेटतोच. "हे बांधा, नसा मोकळ्या होतील," असे तो सांगतो. आता, मज्जातंतूंवर चुंबकाचा परिणाम होऊ शकतो, हे खरेच आहे. पण तो केव्हा होतो, हे आधी समजून घेऊ या.

मज्जापेशीच्या पातळ पडद्यातून सोडियम व पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण आतबाहेर जातात. त्यातून विजेची बारीक लहर उठते आणि पुढे सरकते. मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोचतो तो असा.

विजेचे आणि चुंबकाचे नाते फॅरडेने १८३१ साली दाखवले. गुरुजींनी ते वर्गात करून पाहावे. तांब्याच्या तारेचे वेटोळे गॅल्व्हॅनोमीटरला जोडा. चुंबक वेटोळ्यात नुसता धरून ठेवा. काटा ढिम्म हलणार नाही. चुंबक झटकन आतबाहेर करा. काटा लगेच हलेल. म्हणजे वीज उत्पन्न होते ती चुंबकक्षेत्र बदलत असताना.

याच तत्त्वावर इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून त्यातून क्षणभर जोरदार प्रवाह सोडला. कवटी न उघडता मेंदूतील पेशी जाग्या झाल्या आणि हाताचे स्नायू हलले! आज काही रुग्णांच्या उदासीनतेच्या आजारावर डॉक्टर ही पद्धत वापरतात. ते क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट असते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात चढते.

पृथ्वीचे चुंबकत्व तर फारच सौम्य. ते मोजणारी मुंबईची वेधशाळा विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून १९०४ साली अलिबागला नेली. इतकी नाजूक यंत्रे ट्रामने बिघडत. पण ट्राममध्ये बसलेल्या माणसाचा हात काही आपोआप उडत नसे.

आता ते कडे पाहा. त्याचे क्षेत्र बदलत नाही. चालताना ते अंगाबरोबरच हलते. त्याने दुखणे थांबते, असे तपासण्यांत सिद्ध झालेले नाही. पैसे गेले तर एक वेळ चालेल, पण वेळ जाऊ देऊ नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तो लकवा समजावा आणि कडे शोधत न बसता १०८ क्रमांकाला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते.