एक डबा, दोन गिटारी

लेखमाला ‘तारेपासून कानापर्यंत’ : लेखांक ६

रोलँड कंपनीचा ‘मायक्रो क्यूब जीएक्स’ हा अ‍ॅम्प एका हातात सहज उचलता येतो. पाच इंची स्पीकर, तीन वॅट ताकद, आणि वीज गेली तरी सहा पेन्सिल सेलांवर चालण्याची तयारी. त्याच्या माथ्यावरच्या एका नॉबभोवती आठ नावं छापलेली आहेत. ‘जेसी क्लीन’ हे नाव सरळ आहे, कारण १९७५ चा ‘जॅझ कोरस’ हा रोलँडचा घरचाच अ‍ॅम्प. बाकीची बरीच नावं नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आजीच्या थाटातली आहेत. ‘ब्लॅक पॅनेल’ म्हणजे साठच्या दशकातले काळ्या दर्शनी पट्टीचे फेंडर, ‘ब्रिट कॉम्बो’ म्हणजे व्हॉक्स, ‘क्लासिक स्टॅक’ म्हणजे मार्शल आणि ‘आर-फायर’ म्हणजे मेसा बुगीचा ‘रेक्टिफायर’. दुसऱ्याचा ट्रेडमार्क आपल्या मालावर छापायची सोय नाही, पण आवाज कोणाचा हे गिऱ्हाइकाला कळायला तर हवं!

याच नॉबवर ‘अकॉस्टिक’ अशी एक जागा आहे. नवी अकॉस्टिक गिटार घेतलेला माणूस केबल जोडतो, नॉब नेमका तिथे वळवतो, आणि कानावर काहीतरी पातळ, पत्र्यासारखं आदळतं. दोष गिटारीचा नसतो आणि अ‍ॅम्पचाही नसतो. ती जागा अकॉस्टिक गिटारीसाठी नाहीच. इलेक्ट्रिक गिटारीला अकॉस्टिकचं सोंग देण्यासाठी ती आहे. तिच्या पिकअपच्या (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाच्या) आवाजात जी चमक आणि जो पोकळपणा नसतो, तो तिथे वरून घातला जातो. अकॉस्टिक गिटारीत तो आधीच असल्यामुळे मसाला दोनदा पडतो. अशा गिटारीला या डब्यावर ‘माइक’ ही जागा जास्त मानवते, कारण तिथे अ‍ॅम्प आवाजाला फारसा हात लावत नाही.

गंमत अशी की रोलँडच्याच ‘बॉस’ या छापाचा ‘कटाना’ २०१६ मध्ये आला, तेव्हा त्याच्याही नॉबवर ‘अकॉस्टिक’ हे नाव होतं, पण अर्थ नेमका उलटा. तिथे खरोखरची, पिकअप बसवलेली अकॉस्टिक गिटारच जोडायची असते. यामाहाच्या ‘टीएचआर’ मालिकेतल्या ‘एको’ या जागेचंही तसंच. एक डबा दोन्ही गिटारींना चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. फक्त त्या डब्याला दोन परस्परविरोधी कामं करावी लागतात, हे खोक्यावर कोणी लिहीत नाही.

इलेक्ट्रिक गिटारीचा अ‍ॅम्प आवाज नुसता मोठा करत नाही. तो आवाज बिघडवतो, आणि त्या बिघाडालाच मोल आहे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. अमेरिकेहून येणारे फेंडर अ‍ॅम्प तिथे महाग पडत, म्हणून १९६२ मध्ये दुकानातल्या मंडळींनी फेंडरच्या ‘बासमन’वर बेतलेला आपला अ‍ॅम्प बांधला. आराखडा जवळपास तोच होता. फरक सुट्या भागांत होता: पहिला व्हॉल्व जास्त ताकदीचा, आणि उघड्या पाठीच्या पेटीतल्या चार दहा इंची स्पीकरांऐवजी मागून बंद पेटीत चार बारा इंची. एवढ्यावरून आवाजाची जात बदलली. ही नक्कल मुळापेक्षा लवकर ‘फाटायची’, जाडसर गुरगुरायची, आणि रॉक वाजवणाऱ्यांना तेच हवं होतं. मुळात ‘बासमन’ बास गिटारीसाठी होता, हेही लक्षात घेण्यासारखं आहे. या क्षेत्रातले कितीतरी लाडके आवाज कोणी ठरवून काढलेले नाहीत.

या डब्यांतलं ‘मॉडेलिंग’ म्हणजे त्याच बिघाडाचं गणित. व्हॉल्वला झेपेल त्यापेक्षा मोठा संकेत आला की लहरीचे माथे दबतात आणि मूळ सुराबरोबर नवे स्वरांश उमटतात. हळू छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर खरखरीत. मधला प्रवास प्रत्येक अ‍ॅम्पचा वेगळा असतो, आणि पकडायला अवघड तो नेमका तोच. रोलँडने १९९५ मध्ये ‘व्हीजी-८’ हे मॉडेलिंग यंत्र आणलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ‘लाइन ६’ने ‘अ‍ॅक्सिस २१२’ हा मॉडेलिंग अ‍ॅम्प काढला. १९९८ मधला त्यांचा लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा ‘पॉड’ तर घरोघरच्या रेकॉर्डिंगमध्ये शिरला. पुढे ही कंपनी यामाहाने विकत घेतली. आत घडतं ते असं: गिटारीचा संकेत सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजला जातो, आणि प्रत्येक मोजणीवर व्हॉल्व, टोनचे नॉब, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, असे एकेका टप्प्याचे हिशेब एक चिप करत जाते. यात काही मिलिसेकंद जातात. आवाजाला हवेतून एक मीटर यायलाही सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, तेव्हा हा उशीर म्हणजे अ‍ॅम्पपासून एखादं पाऊल मागे सरकण्याइतका. त्याची तक्रार करणाऱ्यांचे कान फारच तिखट म्हणायचे.

ब्लूटूथची गोष्ट निराळी. शेजारी झोपले म्हणून बिनतारी हेडफोन लावून वाजवावं, असं अनेकांच्या मनात येतं. ब्लूटूथवरून आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्राच १२५ मिलिसेकंदांची असते, म्हणजे बोट एका सुरावर आणि कान मागच्या सुरावर. काही डब्यांवर ब्लूटूथ असतं, ते फोनवरून गाणं सोडून त्याच्या संगतीला वाजवण्यासाठी आहे. वाजवताना हेडफोन वायरचाच हवा.

स्पीकरचाही हिशेब या गणितात येतो, आणि दोन गिटारींच्या वाटा तिथेच सगळ्यात स्पष्ट फुटतात. इलेक्ट्रिक गिटारीचा नेहमीचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने बसतो. ते त्याचं वैगुण्य नव्हे. वरचं छाटलं जातं म्हणून तर फाटलेला आवाज ऐकवतो. हाच आवाज चांगल्या म्युझिक सिस्टीमवर थेट सोडला तर माश्या घोंगावल्यासारखा लागतो. म्हणून मॉडेलिंग अ‍ॅम्प स्पीकरची छाटणीही गणितानेच करतात.

अकॉस्टिकला ही छाटणी नको असते. तिची खुमारी तारेवर नख घासल्याच्या, बोट सरकल्याच्या, लाकडात आवाज घुमल्याच्या बारकाव्यांत असते. त्यातच बहुतेक गिटारींत ब्रिजच्या पट्टीखाली पिएझो पिकअप बसवलेला असतो. तो तारेचा दाब टिपतो, पेटीतून बाहेर पडणारी हवा टिपत नाही. त्यामुळे जोरात वाजवलं की आवाज प्लास्टिकसारखा, टणटणीत होतो. यामाहाच्या ‘टीएचआर ५ए’ या खास अकॉस्टिकसाठीच्या डब्याने यावर चांगला विचार केला आहे. तो अ‍ॅम्पची नक्कल करतच नाही, करतो माइकची. कंडेन्सर, डायनॅमिक, ट्यूब अशा माइकांसमोर गिटार वाजली असती तर कशी ऐकू आली असती, ते तो पिकअपच्या आवाजात मिसळतो, आणि किती मिसळायचं हे एका नॉबवर ठरतं. त्याच्यावर स्वच्छ इलेक्ट्रिकसाठीही एक जागा आहे. ज्याच्याकडे अकॉस्टिक मुख्य आणि इलेक्ट्रिक अधूनमधून, त्याला हा डबा ‘मायक्रो क्यूब’पेक्षा सरस.

पिएझो जोडताना एक काळजी घ्यावी. गिटारीत नऊ व्होल्टची बॅटरी आणि प्रीअ‍ॅम्प नसेल तर तिला अ‍ॅम्पवरच्या ‘गिटार’च्याच भोकात जोडावं. ‘लाइन’ किंवा माइकच्या भोकात अशा पिएझोचा खर्ज गळून पडतो.

छोट्या डब्याला खर्ज मुळातच जड जातो. गिटारीची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला बोलते, आणि पहिल्या ‘टीएचआर १०’मध्ये स्पीकर जेमतेम आठ सेंटीमीटरचे. तरी तो भरदार वाटतो. कमी आवाजाला खर्ज वाढवून द्यायची युक्ती अशा डब्यांना उपयोगी पडते. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकतो, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. याचा व्यवहारातला फटका असा: रात्री खोलीत हळू आवाजात जमवलेला टोन कार्यक्रमात मोठा केला की ढोलासारखा घुमतो. कार्यक्रमासाठीचा टोन कार्यक्रमाच्या आवाजातच जमवावा लागतो. अकॉस्टिकला तर जास्तच, कारण तिची पेटी १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते आणि अ‍ॅम्पचा आवाज तिच्यात परत शिरला की हुंकार सुरू होतो. खर्ज उतरवावा, अ‍ॅम्प गिटारीच्या समोरून हलवावा, गिटारीच्या तोंडावर रबराचं झाकण बसवावं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

गाणारा आणि वाजवणारा एकच असेल तर रोलँडचा ‘क्यूब स्ट्रीट’ बघावा. त्यात माइकची वाहिनी वेगळी आहे आणि तोही सहा पेन्सिल सेलांवर चालतो. मात्र त्याची ताकद एकूण पाच वॅट. ढोलकी किंवा ड्रमसमोर तो ऐकूच येणार नाही. वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे तीनाऐवजी पाच वॅट घेऊन काही साधत नाही. त्यापेक्षा स्पीकरचा आकार आणि पेटी बघून घ्यावी.

मुंबईत धोबी तलावला किंवा आपल्या गावच्या वाद्यांच्या दुकानात अ‍ॅम्प बघायला जाल तेव्हा स्वतःची गिटार, आणि दोन असतील तर दोन्ही, बरोबर न्या. दुकानातल्या महागड्या गिटारीवर कुठलाही डबा गोड वाजतो. अकॉस्टिक जोडून ‘अकॉस्टिक’ लिहिलेली जागा आणि ‘माइक’ किंवा ‘फ्लॅट’ लिहिलेली जागा लागोपाठ ऐका. कोणती जागा कोणत्या गिटारीसाठी आहे, हे पाच मिनिटांत कळेल. पुढच्या आठवड्यात केबल: तिची लांबी वाढली की टीप का मरते, आणि महागडी केबल घ्यावी का.