अंधारातली हजेरी

बेसिनमध्ये अचानक उजेड पडलेला पाहिलाय कधी? शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरांनी पाहिला! 1961 चा उन्हाळा. अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला ते चमकणाऱ्या जेलीफिशच्या मागे लागले होते. दिवसभर जाळीने जेलीफिश पकडायचे, त्यांच्या छत्रीची चमकणारी कड कात्रीने कापायची आणि कापडातून पिळून अर्क काढायचा. एकदा उरलेला अर्क त्यांनी बेसिनमध्ये ओतला, तर भक्कन निळा उजेड! बेसिनमध्ये समुद्राचं पाणी येत होतं आणि त्यातल्या कॅल्शियममुळे अर्क पेटला होता.

त्याच खटपटीत आणखी एक प्रथिन हाती लागलं. अतिनील प्रकाशात धरलं की ते हिरवंगार चमकतं. त्याचं नाव जीएफपी. 1994 मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक किड्यात घातलं, आणि जिवंत किड्याच्या चेतापेशी हिरव्या दिसू लागल्या!

पण एक अडचण होतीच. दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागाहून कमी असलं, की साध्या सूक्ष्मदर्शकाला त्यांचा एकच धूसर गोळा दिसतो.

आता तुमचा वर्ग आठवा. सगळे एकदम ओरडले तर कोण कुठे बसलंय, काही कळत नाही. म्हणून बाई हजेरी घेतात. एरिक बेटझिग आणि हॅराल्ड हेस या शास्त्रज्ञांनी प्रथिनांची अशीच हजेरी घेतली, तीही हेस यांच्या घराच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक उभारून! त्यांनी मुद्दाम झोपाळू प्रथिनं निवडली. अगदी मंद जांभळा प्रकाश टाकला की त्यातली मोजकीच जागी होतात. एकटा चमकणारा ठिपका धूसर असला तरी त्याचा मध्य नेमका सापडतो. तेवढी खूण करायची, ती प्रथिनं विझली की पुढची उठवायची. असे हजारो फोटो एकावर एक ठेवले, की पेशीचं बारीक नक्षीकाम उमटतं. 2006 मध्ये हे जमलं.

जिवंत पेशीत मात्र हजेरी चालू असतानाच मुलं बाक बदलतात! शिवाय प्रखर प्रकाशाने पेशीला इजा होते. म्हणून झटपट आणि पुन्हा पुन्हा 'हजर' म्हणणारी प्रथिनं लागतात. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते ड्रोन्पा. जपानी शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये ते एका प्रवाळातल्या प्रथिनापासून बनवलं. निळ्या प्रकाशात ते विझतं, जांभळ्यात पुन्हा पेटतं. 'ड्रोन' हा निंजांचा शब्द आहे. अर्थ काय, ठाऊक आहे? गडप होणं!