चित्रंच जिवावर उठतात

जेम्स फोर्ब्जच्या 'ओरिएंटल मेम्वार्स'चे चार जाडजूड खंड टेबलावर मांडलेले होते. फोर्ब्ज ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून पोरसवदा वयात मुंबईला आला. १७७५ मध्ये राघोबादादांच्या मदतीला निघालेल्या कर्नल कीटिंगच्या फौजेबरोबर तो चिटणीस म्हणून हिंडला, आणि जाईल तिथे पक्षी, फुलं, माणसं रेखाटत राहिला. त्या चित्रांसकट पुस्तक निघालं १८१३ साली, लंडनला. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका संग्राहकांकडे विक्रेत्याने ते पारखायला ठेवलं होतं. घ्यायचं की नाही, ते संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

चित्रांकडे चित्र म्हणून त्यांनी पाहिलंच नाही. आधी पान खिडकीसमोर धरून कागदातला जलचिन्हाचा ठसा शोधला. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदात बरेचदा कारखान्याच्या नावाबरोबर सालही असतं. शीर्षकपानावर १८१३ आणि कागदात १८२० निघालं, तर ती छपाई मागाहूनची. मग भिंग. छपाईच्या वेळी तांब्याचा पत्रा ओल्या कागदात दाबला जातो, त्याच्या कडेची खाच बोटाला लागते. आजच्या नकलेत ही खाच सहसा नसते. भिंगाखाली दिसतात ते ऑफसेटचे एकसारखे ठिपके.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पानं मोजण्यात. चित्रं नव्वदहून जास्त, ती स्वतंत्र छापून बांधणीच्या वेळी आत घातलेली. त्यामुळे एखादं काढून घेतलं तरी मजकुराचे पृष्ठांक सलगच राहतात. चित्रांच्या यादीतल्या एकेका नावापुढे खूण होत होती. तिसऱ्या खंडात हात थांबला. "हे बघा," ते म्हणाले. मजकुराच्या पानावर चौकोनी, फिकट तपकिरी सावली होती. दोनशे वर्षं समोर दाबून राहिलेल्या चित्राची शाई पानावर उतरलेली, आणि चित्र मात्र गायब. शिवणीपाशी पात्याने कापल्याची सरळ कडही सापडली.

कसर, वाळवी, मुंबईची दमट हवा ही कागदाची नेहमीची दुखणी. सचित्र पुस्तकाला त्यापलीकडे एक जास्तीचा धोका असतो: त्याची चित्रं सुटीही विकली जातात. चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायला लोक एकेक पान घेतात, आणि सुट्या पानांची बेरीज अनेकदा अख्ख्या पुस्तकाच्या किमतीवर जाते. ॲटलासांचं तर विचारूच नका. नकाशाकार ब्लाऊचा अकरा खंडांचा लॅटिन 'ॲटलास मायोर' १६६२ साली ॲमस्टरडॅमला पूर्ण झाला, जवळपास सहाशे नकाशांचा. आज बाजारात त्यातले सुटे नकाशे जितके सहज दिसतात, तितका सबंध संच दिसत नाही. असा सुटा नकाशा हाती आला की जाणकार आधी उलटा करतात. त्या काळचा हिरवा रंग तांब्यापासून केलेला. तो कागद जाळतो. मागच्या बाजूला हिरव्याच्या जागी करपट डाग उमटला असेल, तर रंग बहुधा जुना. पाठ अगदी कोरी असेल, तर कुणीतरी अलीकडे रंगवून भाव वाढवल्याची शंका घ्यावी. इथे डाग दिसला की गिऱ्हाईक खूश होतं!

कापणारे सगळेच रद्दीवाले नसतात. ई. फोर्ब्ज स्मायली हा अमेरिकेतला नावाजलेला नकाशाविक्रेता (नावातला फोर्ब्ज निव्वळ योगायोग). २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात जमिनीवर एक पातं पडलेलं कर्मचाऱ्यांना दिसलं आणि तो पकडला गेला. पुढे त्याने वेगवेगळ्या ग्रंथालयांतले ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं. असली माणसं पुस्तकांवर प्रेम करतात, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही.

एक चित्र गेलेल्या प्रतीला संग्राहक सहसा हात लावत नाहीत, लावलाच तर भाव बराच पाडतात. नेमकी अशीच प्रत मग पानं सुटी करणाऱ्याकडे जाते. त्याला ते एक पान नसल्याचं काहीच वाटत नाही. विक्रेत्यानेही फोनवर तेच सुचवलं: तुम्हाला नको असेल तर पक्ष्यांची पानं मागणारं एक गिऱ्हाईक आहे.

थोडी घासाघीस झाली. भाव त्यांनी मला सांगितला नाही, मीही विचारला नाही. तिसऱ्या खंडाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्यांनी शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात, नसलेल्या चित्राचं नाव आणि पृष्ठ लिहिलं, आणि चौथा खंड मोजायला घेतला.