पिस्तुलाची शिकार : गोळी, नळी आणि हाताचा पल्ला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा कामगार कायदा, बोनस किंवा संप असे काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सांगितले, ‘पिस्तुलाने हरणाची शिकार’. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटले, तेच आज आपल्यापैकी अनेकांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौसेची शिकार संपली. ती संपली हे चांगलेच झाले, असे आमचे मत आहे. आम्ही स्वतः कोणत्याही प्राण्यावर कधी गोळी झाडलेली नाही. दहावीनंतर शाळा सुटली, लेथवर उभे राहिलो, पुढे युनियनच्या कामात पडलो. पुढचे शिक्षण झाले ते यंत्रापाशी आणि वाचनालयात. लोखंडाची नळी आतून कशी कापली जाते, एवढ्याच वाटेने आम्ही या विषयाकडे आलो.

आणि आलो ते एका पत्रामुळे. आमच्या खात्यातल्या एका जुन्या टर्नरचा मुलगा अमेरिकेत मिशिगन राज्यात मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात काम करतो. तो आता तिथला नागरिक आहे. त्या राज्यात १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम उघडतो. त्या दिवशी कारखान्यांत रजेच्या अर्जांचा ढीग पडतो, गावोगावच्या शाळाही बंद ठेवतात. २०११ च्या हंगामात सोबतचे कामगार त्याला आग्रहाने घेऊन गेले. त्याच्याजवळ चार इंच नळीचे .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर होते. सुमारे ४० मीटरवर हरीण उभे राहिले, याने गोळी झाडली, हरीण उडाले आणि झाडीत गेले. बर्फावरचे रक्ताचे थेंब पाहत सर्वजण अंधार पडेपर्यंत फिरले, दुसऱ्या दिवशी सकाळीही फिरले. हरीण सापडले नाही. त्याने आम्हाला लिहिले, “काका, ते कुठेतरी पडून मेले असेल, आणि किती वेळाने मेले असेल ते मला ठाऊक नाही. माझे हत्यार चुकीचे होते की मी?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला जे समजले ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

पहिली शंका अशी येईल की, हरणामागे जायचे तर लांब बंदूक सोडून पिस्तूल कशाला? याला एक कारण हौसेचे आहे. जवळ जाऊन, अवघड हत्याराने शिकार करण्यात तिथल्या काहींना पुरुषार्थ वाटतो. दुसरे कारण कायद्याचे आहे. दक्षिण मिशिगन सपाट आणि दाट वस्तीचा भाग. रायफलची चुकलेली गोळी मैल दोन मैल जाऊ शकते. म्हणून त्या भागात हरणासाठी नेहमीच्या रायफलींना दीर्घकाळ बंदी होती. छऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी झाडायची, किंवा पिस्तूल वापरायचे. पिस्तुलालाही अट होती : गोळीची जाडी .३५ इंच किंवा अधिक, आणि काडतुसाचे नळकांडे सरळ भिंतीचे, म्हणजे रायफलच्या काडतुसासारखे बाटलीच्या मानेचे नको.

आता ‘कॅलिबर’ हा शब्द घेऊ. कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचे, पर्यायाने गोळीच्या जाडीचे माप. .३५७ म्हणजे इंचाचा हजारात तीनशे सत्तावन्नावा भाग, म्हणजेच सुमारे ९ मिलिमीटर. पण शस्त्रांच्या बाजारात नाव आणि माप यांचे नेहमी जमतेच असे नाही. .३८ स्पेशल नावाच्या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाचीच असते. .४४ मॅग्नमची गोळी .४४ नसून .४२९ इंच, म्हणजे सुमारे १०.९ मिलिमीटर असते. कारखान्यात ड्रॉइंगवर लिहिलेले माप आणि मायक्रोमीटरवर आलेले माप यांत जो फरक पडतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे तो जाणूनबुजून चालत आलेला आहे.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम यांची गोळी एकाच जाडीची आणि पुष्कळदा एकाच वजनाची, सुमारे १०.२ ग्रॅमची असते. पण पहिली सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने निघते, दुसरी सुमारे ३७५ मीटर. एक किलोचे वजन १० सेंटिमीटर उचलायला सुमारे एक जूल ऊर्जा लागते. त्या हिशेबाने पहिल्या गोळीत २७० जूल भरतात आणि दुसरीत ७२० जूल. जाडी तीच, काम अडीचपटीहून अधिक! लष्करात व पोलिसांत सर्रास चालणारी ९ मिलिमीटरची गोळी .३५५ इंचाची आहे. म्हणजे कायद्याच्या .३५ च्या अटीत तीही बसते. तिच्यात साधारण ४८० जूल असतात. .४४ मॅग्नमची १५.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने गेली तर हजार जूल भरतात. तुलनेसाठी सांगतो, .३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलीत हाच आकडा ३८०० जूलच्या घरात जातो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कायद्याने .३५ म्हटले, ती किमान मर्यादा झाली. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, आणि तेव्हापासून मालकमंडळी किमान वेतन हेच योग्य वेतन असे समजत आली. किमान वेतन म्हणजे पोटभर वेतन नव्हे, हे सांगण्यात आमची पंचवीस वर्षे गेली. इथेही तेच आहे. कायद्यात बसणारी गोळी हरणाला पुरेशी असतेच असे नाही. कायदा शिकाऱ्याला दंडापासून वाचवतो, हरणाला हालापासून वाचवत नाही.

मग पुरेशी कोणती? त्यासाठी गोळी नेमके काय करते ते पाहिले पाहिजे. मिशिगनचे पांढऱ्या शेपटीचे हरीण वजनाने आपल्या चितळाच्या जवळपासचे, मात्र मोठा नर शंभर किलोच्याही वर जातो. पुढच्या पायांच्या मागे, छातीच्या पिंजऱ्यात हृदय आणि दोन फुप्फुसे असतात. बाजूने पाहिले तर ही जागा साधारण २० सेंटिमीटर व्यासाची, आपल्या जेवणाच्या ताटाहून लहान. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली तर प्राणी काही सेकंदांतच कोसळतो. रायफलची गोळी फार वेगवान असते, ती आजूबाजूचे स्नायूही फाडते. पिस्तुलाची गोळी मुख्यतः आपल्या जाडीएवढी वाट पाडते. ती वाट योग्य ठिकाणी आणि पुरेशी खोल पडली, तरच काम होते. म्हणून हलकी, पुढे पोकळी असलेली, चटकन फुलणारी गोळी इथे दगा देऊ शकते. ती फुलते आणि अर्ध्यातच थांबते. जड, चपट्या तोंडाची गोळी पलीकडे निघून जाते. मग दोन्ही बाजूंनी रक्त येते आणि माग काढता येतो. आयडाहो राज्यातले गुरेपालक आणि लेखक एल्मर कीथ यांनी हेच वर्षानुवर्षे सांगितले. त्यांच्याच आग्रहातून १९५५ साली .४४ मॅग्नम तयार झाले. .३५७ मॅग्नम त्याआधी वीस वर्षे, १९३५ साली आलेले होते. या दोहोंच्या मधले .४१ मॅग्नम १९६४ साली आले.

आता नळीकडे वळू. नळीच्या आत पिळदार चर कापलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ राहते. नळी लांब असली की दारूच्या वायूला गोळी ढकलायला अधिक वाव मिळतो. पिस्तुलाच्या मापात दर इंचामागे साधारण सेकंदाला ८ ते १५ मीटर वेग वाढतो; पुढे पुढे ही वाढ कमी होते. मोजतानाही सावध राहावे. रिव्हॉल्व्हरची नळी काडतुसाच्या फिरत्या चक्रापुढून मोजतात. एकाच काडतुसाच्या पिस्तुलाची नळी काडतुसाच्या घरासकट मोजतात; .४४ मॅग्नममध्ये त्यातला सव्वा इंचाहून अधिक भाग काडतुसाखालीच जातो. म्हणून दहा इंच आणि दहा इंच ही दोन मापे सारखी नव्हेत.

पण लांब नळीचा खरा फायदा वेगात नाही, नेमात आहे. नेम धरताना पुढची माशी मागच्या खाचेत बसवायची असते. चार इंची रिव्हॉल्व्हरवर या दोहोंत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर असते, साडेसात इंचीवर सुमारे २४. हाताच्या थरथरीने माशी अर्धा मिलिमीटर सरकली असे धरा. ४० मीटरवर पहिल्या हत्याराची गोळी १३ सेंटिमीटर बाजूला पडेल, दुसऱ्याची ८. हरणाच्या छातीतल्या जागेची त्रिज्या १० सेंटिमीटर! म्हणजे हातून चूक तेवढीच झाली, तरी एक गोळी फुप्फुसात जाते आणि दुसरी पोटात. आमच्या मुलाच्या पत्रातले कोडे या एका त्रैराशिकाने पुष्कळ सुटते.

मग दहा किंवा चौदा इंचाचीच नळी का घेऊ नये? तशीही मिळतात. १९६७ साली निघालेल्या थॉम्पसन सेंटरच्या ‘कंटेंडर’ या एककाडतुशी पिस्तुलाला नळ्या बदलता येतात, त्यावर दुर्बीणही बसते. पण ते हत्यार पुढे जड होते, टेकूशिवाय स्थिर राहत नाही, आणि झाडीत अडकते. उभ्याने, फक्त दोन हातांच्या आधारावर झाडायचे असेल, तर सहा ते साडेसात इंच हा मध्यम मार्ग ठरतो.

दणक्याचाही विचार हवा. एकाच वजनाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ मॅग्नमचा धक्का .३५७ च्या सुमारे दुप्पट असतो. माणूस त्या धक्क्याला भितो. चाप ओढण्याआधीच मनगट दचकते, डोळे मिटतात, आणि सगळी ऊर्जा फुकट जाते. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने .४४ मॅग्नमची कीर्ती आपल्या इंग्रजी थिएटरांपर्यंत आणली, तेव्हापासून अनेकांना मोठ्यात मोठा आकडा हवा असतो. २००३ साली .५०० मॅग्नम आले. त्यात अडीच ते साडेतीन हजार जूल असतात. शंभर किलोच्या हरणाला त्याची गरज नाही, आणि बहुतेक हातांना ते पेलत नाही. .४४ मॅग्नमच्या हत्यारात कमी जोराचे .४४ स्पेशल चालते, .३५७ च्या हत्यारात .३८ स्पेशल चालते. सराव तिथून सुरू करावा आणि हळूहळू चढावे. शिकाऊ कामगाराला पहिल्याच दिवशी मोठ्या प्रेसवर उभे करत नाहीत, तसेच हे.

आणि कान सांभाळावेत. या हत्यारांचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो. १४० च्या वरचा एक आवाजही कान कायमचा बिघडवू शकतो. नळी आखूड असली की दणका कानाच्या अधिक जवळ फुटतो. लूमखात्यात कान गमावलेली माणसे आम्ही रोज पाहतो. त्यांना मोठ्याने बोलावे लागते आणि लोक त्यांना रागीट समजतात.

आम्ही मुलाला उत्तर लिहिले ते असे. “.३५७ वाईट नाही. पण जड गोळी, सहा इंचाहून कमी नळी नको, आणि अंतर तीस मीटरच्या आत. .४४ पेलत असेल तर साडेसात इंचीत ते अधिक उजवे. पण या सगळ्यांआधी एक परीक्षा दे. २० सेंटिमीटरचा कागदी गोल लाव. उभा राहून, थंडीत, जाड कोट घालून सहा गोळ्या झाड. ज्या अंतरावर सहाच्या सहा गोळ्या गोलात पडतील, ते तुझे अंतर. पाच पडल्या तर ते तुझे अंतर नव्हे. पुस्तकात .४४ चा पल्ला शंभर मीटर लिहिलेला असेल. तो हत्याराचा पल्ला आहे. तुझ्या हाताचा पल्ला तो नव्हे.”

त्याने मनावर घेतले. .४४ घेतले, वसंतापासून शरदापर्यंत दर रविवारी सराव केला. त्याचे अंतर ३५ मीटर भरले. २०१२ च्या नोव्हेंबरात तो पुन्हा त्याच शेताच्या कडेला बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठा नर आला आणि साठ मीटरवर आडवा उभा राहिला. सोबतचा गडी कुजबुजला, “झाड ना!” याने हत्यार उचलले, पाहिले, आणि खाली ठेवले. हरीण थोडा वेळ उभे राहून निघून गेले.

त्या वर्षी तो रिकाम्या हातांनी परतला. सोबत्यांनी पुष्कळ थट्टा केली, असे त्याने लिहिले आहे. आम्ही उलट टपाली कळवले, “बाळ, तुझी निवड आता बरोबर झाली.” ज्या देशात शिकार कायदेशीर आहे, तिथे कॅलिबर आणि नळी निवडण्याचा अर्थ आम्हाला एवढाच कळला : ज्याचा जीव घ्यायचा, त्याचे हाल करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ती खात्री नसेल, तर चाप न ओढणे हेही त्या निवडीतच येते.