मूल हरवले तर वाट पाहू नका

लस आपण रोग झाल्यावर टोचत नाही, आधी टोचतो. मूल हरवण्याच्या संकटाचेही तसेच आहे. म्हणून लसीकरणासाठी येणाऱ्या पालकांना मी हा विषयही समजावून सांगतो. तयारीला अर्धा तास लागतो, खर्च जवळजवळ नाही.

महाडकरांना गर्दी नवी नाही. २० मार्चला १९२७ च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ चवदार तळ्यावर जनसागर लोटतो. वीरेश्वराचा छबिना, रायगडावरचा शिवराज्याभिषेक दिन, सुट्टीतले एस.टी. स्थानक अशी ठिकाणे वेगळीच. तेथे मूल चुकते त्याचे नेहमीचे कारण एकच: आईला वाटते ते बाबांजवळ आहे, बाबांना वाटते आजीजवळ आहे. म्हणून निघतानाच कोणते मूल कोणाच्या हाती, हे नाव घेऊन ठरवावे.

घरात तयार ठेवा

दर सहा महिन्यांनी मुलाचा चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो काढावा. एका कागदावर उंची, वजन, रक्तगट, जन्मखूण, जुन्या जखमेचा व्रण, फिट्स किंवा दमा असल्यास चालू औषध लिहून ठेवावे. घाबरलेल्या पालकांना त्या क्षणी मुलाच्या अंगातल्या सदऱ्याचा रंगही आठवत नाही. यात्रेला निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मोबाईलवर एक फोटो घ्यावा. लहान मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी. मात्र दप्तरावर बाहेरून नाव लिहू नये. नावाने हाक मारणारा मुलाला ओळखीचा वाटतो.

मुलाला शिकवा

स्वतःचे पूर्ण नाव, गाव आणि एक फोन नंबर पाठ हवा. चुकल्यास धावत न सुटता तिथेच थांबावे. पोलीस, कंडक्टर, दुकानदार किंवा मुले बरोबर असलेल्या कुटुंबाला सांगावे. ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नकोस’ एवढे पुरत नाही. कोल्हापूरच्या गावित मायलेकींचे प्रकरण १९९६ मध्ये उघडकीस आले. गर्दीतून मुले पळवणाऱ्या त्या बायका होत्या! शिवाय फसवणारा ओळखीचाही असू शकतो. ‘आईने बोलावले आहे’ असे कोणी म्हणाल्यास विचारण्यासाठी घरातला एक परवलीचा शब्द ठरवावा.

मूल दिसेनासे झाले तर

१. एकाने घरातील कोपरे, माळा, पलंगाखालची जागा पाहावी. त्याच वेळी दुसऱ्याने विहीर, टाकी, ओढा, नदीकाठ गाठावा. लहान मुलाबाबत पाण्याला एक मिनिटही उशीर नको.

२. ११२ किंवा १०९८ ला फोन करावा व पोलीस ठाणे गाठावे. ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. हरवलेल्या मुलाची तक्रार आल्यास गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितले आहे. हद्द कोणाची हा वाद नको. कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते.

३. एस.टी.च्या वाहतूक नियंत्रकाला व वीर रेल्वे स्थानकाला कळवावे. महाड-पोलादपूरहून मुंबई, पुणे, महाबळेश्वर सगळीकडे वाटा फुटतात.

४. घरी एक माणूस फोनजवळ थांबावा. मूल स्वतःच परत येण्याचा संभव असतो.

अफवेपासून सावध

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. संशय आल्यास पोलिसांना कळवा. हात उचलू नका आणि खात्री नसलेला मजकूर पुढे पाठवू नका.

मूल सापडल्यावर

आधी जवळ घ्या, पाणी द्या. मारू नका, सर्वांसमोर उलटतपासणी नको. निकालाच्या किंवा रागावण्याच्या धास्तीने घर सोडलेले मूल मार खाल्ल्यास पुन्हा जाते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आंघोळ न घालता, कपडे न धुता थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. भूक, झोप, अंथरूण ओले होणे यांत पुढील काही आठवडे बदल दिसला तर डॉक्टरांना दाखवावे.

या रविवारी तो कागद लिहून काढा. तो कपाटात पडून राहिला, कधीच लागला नाही, तर त्याहून चांगले काय?