शालेय फुटबॉलचा रेफरी: शिट्टीच्या आधी शिकावं लागतं

ज्याला फुटबॉल खेळता आला नाही तो रेफरी होतो, असं सर्रास मानलं जातं. शाळांच्या सामन्यात तर पी.टी.चे सर शिट्टी वाजवतीलच, त्यात शिकायचं काय, असाही सूर असतो. भिवंडीच्या टावरे स्टेडियमवर सामना असो की एखाद्या शाळेच्या खडबडीत पटांगणावर, या दोन्ही समजांची किंमत शेवटी मुलांच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना मोजावी लागते.

एकच प्रसंग घ्या. चिखलात घसरत आलेल्या बचावपटूने आधी चेंडू काढला आणि मग समोरच्याचा पाय उडवला. 'चेंडूला आधी लागला, फाउल कसला?' असं मैदानाबाहेरून हमखास ओरडलं जातं, आणि न शिकलेला रेफरी ते मान्य करून टाकतो. खेळाचे एकूण 17 नियम आहेत. त्यातला बारावा नियम असा प्रश्न विचारतच नाही. आव्हान कसं दिलं, हे तो पाहतो. निव्वळ निष्काळजीपणा असेल तर फ्री किक, कार्ड नाही. प्रतिस्पर्ध्याला होणाऱ्या धोक्याची पर्वाच केली नसेल तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त बळ वापरून त्याला जायबंदी करण्याची वेळ आणली तर लाल कार्ड, चेंडू आधी लागला असला तरीही. हँडबॉलचंही तेच. चेंडू हाताला लागला की गुन्हा झाला, असं नाही. मुद्दाम हात लावला का, किंवा हात पसरून शरीराचा आकार अस्वाभाविक वाढवला का, हे बघावं लागतं. ऑफसाइडबद्दल तर विचारूच नका. ऑफसाइडच्या जागी नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही, आणि थ्रो-इन, कॉर्नर किंवा गोल किकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड होतच नाही. हे सगळं अर्ध्या क्षणात ओळखायचं तर नुसतं खेळलेलं असून भागत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की खेळाडूला खेळ आधी कळतो, म्हणून तोच चांगला रेफरी होईल. खेळल्याचा फायदा होतो, हे खरंच आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस भारताकडून खेळल्या आणि नंतर आंतरराष्ट्रीय सहायक पंच झाल्या. मुलींनी या वाटेला जाऊ नये, या समजालाही त्यांचं नाव पुरेसं उत्तर आहे. पण खेळाडू चेंडूमागे धावतो, तर रेफरी मैदानाच्या कर्णरेषेच्या आसपास. झटापट आणि लाइनवरचा सहायक, दोघंही नजरेत राहावेत म्हणून. ही सवय वेगळीच शिकावी लागते. पी.टी.च्या सरांबद्दल म्हणाल तर, पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना ज्यांना सुचली ते केन अ‍ॅस्टन इंग्लंडमधले शाळाशिक्षक होते. 1970च्या विश्वचषकात ती कार्डं पहिल्यांदा वापरली गेली. म्हणजे शिक्षकाने रेफरी होण्याला माझा मुळीच विरोध नाही, न शिकता होण्याला आहे.

दुसरा आक्षेप चुकांचा. शाळेच्या सामन्यात व्हिडिओ नसतो आणि रेफरीचा निर्णय अंतिम, मग चूक झाली तर? पाचवा नियम त्यालाही वाट ठेवतो. सहायकाच्या सांगण्यावरून किंवा स्वतःला उमजलं म्हणून, खेळ पुन्हा सुरू होण्याआधी रेफरी निर्णय बदलू शकतो. तो बदलला म्हणून त्याचा अधिकार कमी होत नाही. उलट मुलांना न्याय मिळतो.

राहिला वयाचा प्रश्न. आधी खेळून घ्यावं, तिशीनंतर बघू, हा हिशेब तोट्याचा आहे. फिफाच्या यादीत रेफरी म्हणून यायला किमान वय 25 वर्षं लागतं, सहायक म्हणून 23. त्याआधी नियमांची लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी आणि राज्य संघटनेपासून वर चढत जाणारे टप्पे असतात. 2022मध्ये पुरुषांच्या विश्वचषकात रेफरी म्हणून उतरलेल्या पहिल्या महिला स्टेफनी फ्रापार्ट यांनीही सुरुवात किशोरवयातच केली होती. भिवंडीतल्या अकरावीतल्या मुलाने किंवा मुलीने नियमांचं पुस्तक वाचून लहान मुलांच्या सामन्यात लाइनवर झेंडा धरायला आजच सुरुवात करावी. पहिलं काम अगदी साधं आहे: खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक मुलाच्या मोज्यात शिनगार्ड आहे का, हे तपासायचं. चौथ्या नियमाने ते सक्तीचं आहे.