शाळेतील कार्यशिक्षण आणि गावाची गरज

शेतीची साधने जसजशी बदलत आहेत, तसतशी शेतकऱ्याला लागणारी कसबेही वाढत आहेत. विजेचा पंप, ठिबक संच, फवारणी यंत्र ही साधने आता खेड्यापाड्यांतून दिसतात. परंतु त्यांत बिघाड झाला म्हणजे तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते आणि ऐन हंगामात पिकाची पाण्याची पाळी चुकते. त्याच गावात दहावीपर्यंत शिकलेली मुले कामाच्या शोधात असतात. शिक्षण आणि गरज यांमधील हे अंतर कमी करणे हे शाळा व गाव या दोघांचेही कर्तव्य होय.

हा विचार नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याची योजना मांडली. पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही कार्यानुभवास शिक्षणात स्थान देण्याची शिफारस केली. तथापि पुष्कळ शाळांतून हा विषय गुणांपुरत्या केलेल्या शोभेच्या वस्तूंवर येऊन थांबला. ज्या वस्तूची कोणास गरज नाही, ती चांगली झाली की वाईट, हे विद्यार्थ्याला कळावे कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे मिळते. या अवर्षणप्रवण गावी १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे सिद्ध झालेल्या शालेय अभ्यासक्रमात विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामास देतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. मुले गावाच्या उपयोगाची कामे करतात आणि प्रत्येक कामाचा खर्च वहीत मांडतात. शिकविण्यासाठी परिसरातील कुशल कारागिरांचे साहाय्य घेतले जाते. काम खरे असावे, हिशेब चोख असावा आणि शिकविणाऱ्याच्या हाती कसब असावे, या तीन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत.

आरंभास मोठी कार्यशाळा हवीच असे नाही. सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासणे हे काम एका गोणपाटावर होते. बियाण्यातून सरसकट १०० दाणे मोजून घ्यावेत. ते ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, गोणपाट अलगद गुंडाळून सावलीत ठेवावे व ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी जोमदार कोंब मोजावेत. ७० वा अधिक निघाले तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. थोडे कमी निघाल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे आणि फारच कमी निघाल्यास बियाणे बदलावे. उन्हाळी सुटीपूर्वी मुलांनी ही तपासणी करून प्रत्येक घरी निकाल कळविला, तर दुबार पेरणीचे एक कारण आधीच टळेल. मुलांना शेकडेवारीही कायमची समजेल.

खताचा हिशेबही असाच. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे २३ किलो नत्रासाठी ५० किलो युरिया लागतो. हे गणित आपल्याच शेताच्या शिफारशीवर केले, तर ते पाठ करावे लागत नाही. विजेची कामे मात्र जाणत्या कारागिराच्या देखरेखीखाली, मुख्य कळ बंद करूनच शिकवावीत.

हाताचे काम अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठी, असा समज काही पालकांच्या मनात आहे. तो दूर झाला पाहिजे. पंपाला पाणी का चढत नाही, हे शोधणाऱ्या मुलाला पदार्थविज्ञान वापरावेच लागते; आणि पुढे अभियंता होऊ इच्छिणाऱ्या मुलीलाही त्या अनुभवाचा लाभच होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची सोय सुचविली आहे. ते दिवस सार्थकी लावणे गावाच्या हाती आहे. कार्यकर्त्यांनी गावातील सुतार, लोहार, वीजतंत्री व प्रगतिशील शेतकरी यांची यादी करून मुख्याध्यापकांना द्यावी. शेतकरी बंधुभगिनींनी आपले एखादे खरे काम शाळेकडे सोपवावे, ते पारखून घ्यावे आणि उणीव राहिल्यास ती आपुलकीने दाखवावी. गावाने काम दिले, तरच शाळेला कसब शिकविता येईल.